चित्रकाराचे नाव सापडत नाही, पण चित्र तर छापायचे आहे

प्रश्न असा आला आहे : तालुक्याच्या गावातले एक सार्वजनिक वाचनालय शंभरीत पदार्पण करते आहे आणि त्यानिमित्त स्मरणिका निघणार आहे. कार्यवाहांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक जुने रंगीत चित्र मिळाले. जात्यावर दळायला बसलेल्या दोघी, मागे ओटी, उजव्या कोपऱ्यात अर्धवट पुसलेली काही अक्षरे. एका ज्येष्ठ सभासदांना हे चित्र साठच्या दशकातल्या कुठल्याशा दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर पाहिल्याचे आठवते. मंडळाला ते स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर, कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर आणि देणगीदारांना द्यायच्या कॅलेंडरवर हवे आहे. कार्यवाह विचारतात, ‘नावच कुठे नाही तर परवानगी मागायची कोणाकडे? खाली ‘साभार : इंटरनेट’ असे लिहिले की भागेल ना?’

नाही, भागणार नाही. आज जेवढी माहिती हातात आहे तेवढ्यावर हे चित्र मुखपृष्ठावर घेऊ नका आणि कॅलेंडरवर तर नकोच. पण चित्राचा नाद सोडूही नका. तुमच्याकडे दोन धागे आहेत, कोपऱ्यातली अक्षरे आणि सभासदांची आठवण, आणि एवढ्यावर बरेच काही शोधता येते. मी बरीच वर्षे मराठी प्रकाशकांसाठी आणि संस्थांसाठी हेच काम करत आलो आहे : चित्र कोणाचे ते शोधायचे, हक्क कोणाकडे ते ठरवायचे, परवानगी मिळवायची. मराठी नियतकालिकांसाठी काम करणाऱ्या चित्रकारांचे जग फार मोठे नव्हते आणि अंकांमध्ये श्रेय देण्याची चांगली पद्धत होती. त्यामुळे ‘अज्ञात’ म्हणून माझ्यापुढे आलेल्या कित्येक चित्रांचे नाव शेवटी सापडले आहे. आपल्याला नाव माहीत नाही, एवढ्यावरून ते कोणालाच माहीत नाही असे होत नाही.

आधी कायदा बघू, कारण शोध कुठवर ताणायचा हे त्यावर ठरते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात निनावी कलाकृतींसाठी स्वतंत्र कलम आहे, कलम २३. निनावी किंवा टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या चित्राचा हक्क, ते पहिल्यांदा प्रसिद्ध झाले त्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून साठ वर्षे टिकतो. तोवर दावा कोण सांगणार, याचीही सोय कलम ५४ मध्ये आहे : चित्रकाराचे नाव उघड होईपर्यंत निनावी चित्राच्या बाबतीत हक्कधारक म्हणून प्रकाशक उभा राहू शकतो. म्हणजे नाव नसलेले चित्र बेवारस नसते. चित्रकार माहीत असेल तर मात्र कलम २२ लागते, त्याची हयात आणि मृत्यूनंतरची साठ वर्षे. पूर्वी ही पन्नास होती, १९९२ मध्ये साठ झाली.

आता तुमचेच चित्र घ्या. समजा ते १९६१ च्या दिवाळी अंकातले निघाले आणि खरोखरच निनावी ठरले. मुदत १ जानेवारी १९६२ पासून मोजायची, ती ३१ डिसेंबर २०२१ ला संपली. चित्र मोकळे आहे, खुशाल छापा. पण तेच चित्र दीनानाथ दलालांचे निघाले तर? दलाल १९७१ मध्ये गेले, त्यामुळे हक्क ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत आहे. रघुवीर मुळगावकरांचे निघाले तर ते १९७६ मध्ये गेले, म्हणजे ३१ डिसेंबर २०३६. एस. एम. पंडितांचे निघाले तर १९९३ अधिक साठ, थेट २०५३ अखेर. अंक तोच, चित्र तेच, पण नाव काय निघते त्यावर सगळे गणित फिरते. म्हणून ‘जुने आहे, साठ वर्षे झाली असतील’ एवढ्या अंदाजावर कोणी छापायला निघाले की मी थांबवतो.

यात आणखी एक खाच आहे. चित्रावर सही नाही, एवढ्याने ते कायद्याच्या अर्थाने निनावी होत नाही. अंकाच्या अनुक्रमणिकेखाली बारीक टायपात ‘मुखपृष्ठ : अमुक अमुक’ असे छापलेले असेल तर ते चित्र नावानिशी प्रसिद्ध झाले आहे. कोणीतरी त्याचा फोटो काढला, नाव असलेले पान मागेच राहिले आणि चित्र तेवढे पुढे गेले, इतकेच. शिवाय खरोखर निनावी छापलेल्या चित्राच्या चित्रकाराचे नाव साठ वर्षे संपण्याआधी उघड झाले असेल, तर मोजणी पुन्हा हयात अधिक साठ अशीच होते. आणि जे चित्र कधी प्रसिद्धच झाले नाही, उदाहरणार्थ एखाद्या वाड्यातल्या भिंतीवर टांगलेली विसाव्या शतकातली तसबीर, त्याला कलम २३ ची मोजणी लावताच येत नाही, कारण ती प्रसिद्धीच्या वर्षापासून सुरू होते.

आता शोध कसा करायचा ते. हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण लोक गूगलवर एकदा चित्र टाकतात, पिंटरेस्टची चार पाने दिसतात आणि ‘शोधले, सापडले नाही’ असे म्हणून मोकळे होतात.

पहिले काम म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरची प्रत बाजूला ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राचा आकार दाबला जातो आणि फाइलमधली मूळ माहितीही गळून पडते. ज्याने समूहावर टाकले त्याला विचारा, त्याला कोणी पाठवले ते विचारा. ही साखळी मागे नेली की पुष्कळदा एखादा संग्राहक भेटतो, ज्याने स्वतः अंक स्कॅन केलेला असतो. त्याच्याकडून मूळ फाइल मागा. ती मिळेपर्यंत आहे त्या प्रतीवर उलटा शोध घ्या, म्हणजे चित्रच टाकून ते आणखी कुठे आले आहे ते पाहा, पण नीट. गूगल लेन्स, टिनआय आणि यांडेक्स या तिन्हींवर वेगवेगळे शोधा, कारण एकाला सापडते ते दुसऱ्याला सापडत नाही. टिनआयवर निकाल सर्वांत जुन्या नोंदीपासून लावता येतात, ते आवर्जून करा. चित्राखाली कोणी ‘शुभ सकाळ’ किंवा ओव्या चिकटवल्या असतील तर ती पट्टी कापून टाका आणि मगच शोधा. नुसत्या चेहऱ्याचा किंवा नुसत्या जात्याचा तुकडा टाकून पाहा. चित्र आडवे उलटवूनही पाहा, कारण उजव्याचे डावे करून फिरवलेली चित्रे भरपूर असतात. विकिमीडिया कॉमन्सवर सापडले तर आनंद माना, पण लगेच विश्वास ठेवू नका. तिथला परवाना चढवणाऱ्याच्या शब्दावर असतो. साठ वर्षांपूर्वीच्या छापील चित्राखाली ‘स्वतःचे काम’ अशी नोंद दिसली तर ती चूक आहे हे उघडच आहे.

खरे उत्तर मात्र कागदावरच मिळते. अंक हुडका. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली जुनी नगर वाचनालये इथे जुन्या अंकांचे बांधीव खंड असतात. तुम्ही स्वतः वाचनालयवाले आहात, एका कार्यवाहाचा दुसऱ्याला गेलेला फोन माझ्या दहा पत्रांपेक्षा लवकर काम करतो. खंड हातात आला की चित्राचे पान सोडून आधी बाकीची पाने बघा : अनुक्रमणिका, मुखपृष्ठाची आतली बाजू, संपादक-मुद्रक-प्रकाशकांची ओळ असलेले शेवटचे पान. खंड बांधताना मुखपृष्ठ काढून टाकण्याची वाईट सवय अनेक ठिकाणी होती, पण अनुक्रमणिका बहुधा शाबूत असते. तिथे मुखपृष्ठ कोणाचे, आतली सजावट कोणाची, ब्लॉक (चित्र छापायचे ठसे) कोणी केले, छपाई कुठे झाली, असे चार-पाच ओळींत सगळे सांगितलेले असते. नेमक्या त्या वर्षी नसेल तर आदल्या आणि पुढच्या वर्षाचे अंक काढा. संपादक चित्रकार सहसा बदलत नसत. त्याच हाताचे दुसरे चित्र सहीसकट मिळाले की अर्धे काम झाले.

कोपऱ्यातल्या अक्षरांबद्दल एक सावधगिरी. ब्लॉकच्या छपाईच्या काळात ब्लॉक करणारे कारखानेही आपली आद्याक्षरे चित्राच्या कडेला टाकत. ती चित्रकाराची सही समजून लोक भलत्याच माणसाचा माग काढत बसतात. भिंगाखाली धरून पाहा. सही कुंचल्याची असेल तर तिला जाड-बारीक वळण असते, ती चित्राच्या रंगात मिसळलेली असते आणि चित्राच्या आत असते. कारखान्याची खूण बारीक, एकसारख्या जाडीची आणि बरोबर कडेला चिकटून असते. सही अर्धी पुसलेली वाटते तेव्हा ती पुष्कळदा पुसलेली नसते, छपाईच्या ठिपक्यांमध्ये बुडालेली असते. पान ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि फोटोशॉपमध्ये किंवा तशाच एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये लाल, हिरवा, निळा हे चॅनल एकेक करून पाहा. मातकट जमिनीवर तांबड्या रंगात केलेली सही सगळे रंग एकत्र असताना दिसत नाही, निळ्या किंवा हिरव्या चॅनलमध्ये काळी होऊन वर येते. हा उपाय मी प्रत्येक जुन्या रंगीत पानावर करतोच.

देवादिकांच्या तसबिरी आणि जुनी कॅलेंडरे असतील तर नजर खालच्या पांढऱ्या पट्टीवर जाऊ द्या. तिथे छापखान्याचे नाव असते. रवि वर्मा प्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि मग फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. त्या छापखान्याचे नाव खाली आहे म्हणून चित्र राजा रविवर्म्याचेच असे समजू नका, तिथे इतर चित्रकारांची चित्रेही छापली जात. स्वतः रविवर्मा १९०६ मध्ये गेले आणि म. वि. धुरंधर १९४४ मध्ये. दोघांच्याही चित्रांची मुदत केव्हाच संपली आहे. पुण्याच्या चित्रशाळेची जुनी शिळाछापे, पिंगुळीच्या चित्रकथींच्या पोथ्या, मेणवलीच्या नाना फडणीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रे, यांचे कर्ते बहुतांशी अज्ञात आहेत, पण वयामुळे कॉपीराइटचा प्रश्न उरत नाही. तिथे अडचण वेगळी असते : मूळ वस्तू कोणाच्या ताब्यात आहे आणि फोटो कोणी काढला. संग्रहालयाने दिलेली प्रत वापरायची तर त्यांच्या अटी पाळाव्या लागतात. एखाद्या छायाचित्रकाराने प्रकाशयोजना करून भित्तिचित्राचे फोटो काढले असतील तर त्याला विचारल्याशिवाय ते उचलू नका. शक्य असेल तर रीतसर परवानगी काढून आपला फोटो आपणच घ्यावा.

नाव मिळाले की मृत्यूचे वर्ष पक्के करा. महाराष्ट्रातल्या चित्रकारांसाठी साप्ताहिक विवेकने काढलेल्या शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड फार उपयोगी पडतो. तिथे नसेल तर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जुने विद्यार्थी आणि त्या काळच्या प्रकाशकांच्या घरची मंडळी यांच्याकडून बहुधा धागा लागतो.

परवानगी कोणाकडे मागायची हे त्यानंतर येते, आणि इथे बरेच लोक थेट चित्रकाराच्या घरी जातात. जरूर जा, पण तेवढे पुरत नाही. कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन कोणी रंगचित्र काढून घेतले किंवा फोटो काढवून घेतला आणि वेगळा करार झाला नाही, तर पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा असतो. मुखपृष्ठाचे चित्र प्रकाशकाने मानधन देऊन काढून घेतलेले असेल तर हक्क प्रकाशकाकडे असू शकतो, मग मुदत जरी चित्रकाराच्या आयुष्यावरून मोजली जात असली तरी. म्हणून मी दोघांनाही पत्र लिहितो. त्या काळचे लेखी करार क्वचितच सापडतात. दोन्हीकडून ‘आमची हरकत नाही’ असे लेखी आले की निर्धास्त होता येते.

याच कलमाचा तुम्हाला एक फायदाही आहे. स्मरणिकेत संस्थापकांचे, जुन्या अध्यक्षांचे स्टुडिओत काढलेले फोटो असणार. फोटोग्राफर कोण, कोणालाच आठवत नसेल. पण त्या माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनी पैसे देऊन फोटो काढून घेतला होता. तेव्हा हक्क त्यांचा, आणि त्यांच्या वारसांची संमती तुम्हाला पुरते. फोटोच्या पुठ्ठ्यामागे स्टुडिओचा शिक्का असेल तर त्याचे नाव मात्र द्या. वर्तमानपत्रांत आलेल्या जुन्या फोटोंचे गणित निराळे आहे. २०१२ पर्यंत फोटोची मुदत प्रसिद्धीपासून साठ वर्षे होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती छायाचित्रकाराच्या हयातीशी जोडली गेली. १९५१ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेले फोटो तेव्हाच मोकळे झाले होते. त्यानंतरच्या फोटोंसाठी छायाचित्रकार कोण हे शोधावेच लागते.

सगळे करूनही नाव सापडले नाही आणि साठ वर्षे उलटल्याचा पुरावाही नाही, अशी वेळ येते. कायद्याने त्यासाठी कलम ३१ अ ठेवले आहे. कधीच प्रसिद्ध न झालेली किंवा प्रसिद्ध होऊनही भारतात लोकांपर्यंत येऊ न दिलेली कलाकृती, जिचा कर्ता मृत, अज्ञात किंवा बेपत्ता आहे अथवा हक्कधारक सापडत नाही, ती प्रसिद्ध करण्याचा परवाना मागता येतो. पूर्वी अर्ज कॉपीराइट बोर्डाकडे जाई, नंतर बौद्धिक संपदेच्या अपील मंडळाकडे. २०२१ मध्ये ते मंडळ बरखास्त झाल्यापासून अर्ज व्यापारी न्यायालयात करायचा. त्याआधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या एका इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. परवाना मिळाला तर न्यायालय ठरवील ती रॉयल्टी जमा करायची, म्हणजे उद्या हक्कधारक उगवला तर त्याला ती मिळते. कल्पना न्याय्य आहे. पण पाचशे प्रती काढणाऱ्या वाचनालयाने वकील, जाहिरात आणि न्यायालय हे सगळे एका चित्रासाठी करावे हे होणारे नाही. ब्रिटनमध्ये २०१४ पासून हेच काम बौद्धिक संपदा कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज आणि माफक शुल्क भरून होते. आपल्याकडेही लहान संस्थांना परवडेल असा मार्ग हवा, असे मला कळकळीने वाटते. तो नाही म्हणून दोन्ही बाजूंचे नुकसान होते : प्रामाणिक माणसे सुंदर चित्रे कपाटात ठेवून देतात आणि बेफिकीर माणसे ती मगांवर छापून विकतात.

मग व्यवहारात काय करायचे? वापर कशाचा आणि किती, यावर मी ठरवतो. स्मरणिकेत त्या दिवाळी अंकावर किंवा त्या काळच्या मुखपृष्ठांवर लेख असेल आणि त्या चित्राची चर्चा करण्यासाठी ते आत लहान आकारात छापले असेल, तर कलम ५२ मधल्या टीका आणि समीक्षणाच्या सवलतीचा आधार घेता येतो. चित्र लेखासाठी आवश्यक असले पाहिजे, शोभेसाठी नव्हे. मुखपृष्ठ, फ्लेक्स, कॅलेंडर, फेसबुकवरची जाहिरात यांना तो आधार नाही. ‘आम्ही नफा कमावत नाही’ हेही उत्तर होत नाही. नफा नसल्याने फौजदारी शिक्षेत न्यायालय सूट देऊ शकते एवढेच. एरवी जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. ‘आम्हाला माहीत नव्हते’ हा बचावही तोकडा आहे. कॉपीराइट असेल असे वाटायला काही कारणच नव्हते, हे तुम्हाला सिद्ध करावे लागते, आणि ते सिद्ध झाले तरी मनाई हुकूम आणि झालेल्या नफ्यातला वाटा यांपासून सुटका नाही. चित्रकाराचे नाव शोधत होतो असे म्हणणाऱ्याला, चित्रावर हक्क असेल असे वाटलेच नाही, असे म्हणता येत नाही.

एक पळवाट लोक हमखास सुचवतात : गावातल्या चित्रकाराकडून तेच चित्र पुन्हा काढून घेऊ, किंवा हल्लीच्या एआय अ‍ॅपमध्ये टाकून ‘नवे’ करू. तीच मांडणी, त्याच दोघी, तीच ओटी असेल तर ती नक्कलच, हात माणसाचा असो की यंत्राचा. जुन्या चित्राचे रंग भडक करणे, मजकुरासाठी सहीचा कोपरा कापणे, चेहरा बदलणे हे तर त्याहून वाईट. कलम ५७ प्रमाणे आपले नाव सांगण्याचा आणि कलाकृतीची मोडतोड रोखण्याचा हक्क चित्रकाराकडे राहतो, कॉपीराइट विकला तरी राहतो. विज्ञान भवनातले आपले भित्तिशिल्प उखडून टाकले म्हणून अमरनाथ सेहगल यांनी सरकारविरुद्ध खटला लढवला. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना पाच लाख रुपये भरपाई आणि शिल्पाचे अवशेष परत देण्याचा निकाल दिला. विषय तोच घेऊन, मूळ चित्र समोर न ठेवता, एखाद्या तरुण चित्रकाराकडून स्वतंत्र चित्र काढून घेतलेत तर उत्तम. त्याला मानधन द्या, नाव मुखपृष्ठाच्या आत ठळक छापा आणि कुठे कुठे वापरणार ते कागदावर लिहून घ्या.

वारली चित्रांबद्दलही हाच प्रश्न वारंवार येतो. ‘ती तर लोककला, तिचा कर्ता कोण?’ शैली समाजाची आहे आणि तिला भौगोलिक निर्देशन (जीआय), म्हणजे त्या भागाची खासियत म्हणून कायदेशीर नोंद, मिळालेले आहे. पण समोरचे एक विशिष्ट चित्र कोणत्या तरी एका माणसाने काढलेले असते. जिव्या सोमा मशे २०१८ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०७८ अखेरपर्यंत आहे. नेटवरून वारली नक्षी उचलून भिंतीवर रंगवण्यापेक्षा डहाणू-जव्हारकडच्या एखाद्या चित्रकाराला बोलवा.

आता श्रेयाची ओळ. ‘साभार : इंटरनेट’, ‘सौजन्य : गूगल’ यातून वाचकाला काहीच कळत नाही आणि चित्रकाराला काहीच मिळत नाही. उलट तुम्ही शोध घेतला नाही याचा तो छापील पुरावा होतो. मुदत संपलेले निनावी चित्र असेल तर मी साधारण असे लिहितो : ‘मुखपृष्ठ : चित्रकाराचे नाव उपलब्ध नाही. प्रथम प्रसिद्धी (अंकाचे नाव), दिवाळी १९६१. अंक (संस्थेचे नाव) यांच्या संग्रहातून. चित्रकाराविषयी माहिती असल्यास कृपया वाचनालयाला कळवावे.’ खाली फोन आणि ईमेल. या ओळीने परवानगी मिळाल्यासारखे होत नाही, हे लक्षात ठेवा. तिचा उपयोग नाव सापडण्यासाठी आहे, आणि त्यासाठी ती खरोखर उपयोगी पडते. ज्याच्या घरात त्या चित्राचे मूळ कच्चे रेखाटन पडलेले असते तो माणूस ती ओळ वाचतो आणि फोन करतो.

शोधाची वहीही ठेवा. कोणत्या तारखेला कुठे पाहिले, कोणत्या वाचनालयाला विचारले, कोणाला पत्र पाठवले, काय उत्तर आले. पत्रांच्या प्रती, स्क्रीनशॉट, अनुक्रमणिकेच्या पानांचे फोटो. पुढे कोणी विचारले तर बोलायला हाच आधार असतो. पत्राला उत्तर आले नाही म्हणजे परवानगी मिळाली असे धरू नका, दुसरे पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा.

स्मरणिका परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांकडेही जाणार असेल तर तिथले नियम वेगळे आहेत हे ध्यानात असू द्या. ब्रिटनमध्ये निनावी चित्रालाही प्रसिद्धीपासून सत्तर वर्षे असतात. चार प्रती पोस्टाने गेल्या तर कोणी हरकत घेईल असे नाही, पण त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ चढवण्याआधी विचार करा.

तुमच्यापुरता क्रम असा. या आठवड्यात संग्राहकाचा माग काढा आणि मूळ स्कॅन मागवा. सभासदांबरोबर बसून कोणता अंक असेल याची चार-पाच नावे लिहून काढा आणि त्या अंकांचे १९५८ ते १९६९ पर्यंतचे खंड कुठे आहेत ते विचारा. अंक सापडला, अनुक्रमणिकेत नाव नाही, चॅनल वेगळे करूनही सही वाचता येत नाही आणि प्रसिद्धीला साठ वर्षे उलटून गेली आहेत असे ठरले, तर अनुक्रमणिकेचा फोटो जपून ठेवा आणि वर दिलेल्या ओळीसह चित्र मुखपृष्ठावर घ्या. नाव निघाले तर वारस आणि प्रकाशक दोघांनाही पत्र लिहा. स्मरणिका, फ्लेक्स आणि कॅलेंडर अशा तिन्ही वापरांची परवानगी त्याच पत्रात वेगवेगळी मागा, प्रतींची संख्या आणि देऊ शकाल ते मानधनही लिहा. लहान संस्थांना मी पाहिलेल्या बहुतेक घरांनी आनंदाने होकार दिला आहे.

फ्लेक्ससाठी मात्र इतके थांबायचे कारण नाही. वाचनालयाच्या जुन्या इमारतीचा फोटो तुम्हीच काढा. इमारतीचा, तसाच चौकातल्या पुतळ्याचा फोटो छापायला कलम ५२ प्रमाणे वास्तुविशारदाची किंवा शिल्पकाराची परवानगी लागत नाही. एवढेच बघा की चौकटीत शेजारच्या भिंतीवरचे रंगवलेले चित्र येणार नाही, कारण ती सवलत वास्तू आणि शिल्पांना आहे, भिंतीवरच्या रंगचित्रांना नाही.